गाइड निवडताना : लेमली, सँगर आणि सायटेशनचे आकडे

पीएच. डी.साठी नेटची फेलोशिप हाती आहे, दोन प्रयोगशाळांचा होकार आला आहे आणि दोन्ही गाइडांची गूगल स्कॉलरवरील पाने शेजारी शेजारी उघडी आहेत. एच-इंडेक्स, म्हणजे निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले उल्लेख यांवरून काढलेला आकडा, एकाचा ४५, तर दुसऱ्याचा १२. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी मोठ्या आकड्याकडे ओढले जातात. फेलोशिपची पाच वर्षे एकाच ठिकाणी जाणार असल्याने हा आकडा नेमके काय सांगतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यासाठी केंब्रिजच्या एमआरसी (ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद) प्रयोगशाळेशी नाते असलेल्या दोन रेण्वीय जीवशास्त्रज्ञांच्या कारकिर्दी पाहण्यासारख्या आहेत : उलरिश लेमली आणि फ्रेडरिक सँगर.

लेमली यांचा एकट्याच्या नावाचा शोधनिबंध १९७० साली ‘नेचर’मध्ये आला. टी-४ या जिवाणुभक्षी विषाणूचे शीर्ष बांधले जात असताना त्यातील प्रथिने कशी कापली जातात, हा त्याचा विषय होता; परंतु जगाने त्यातून उचलली ती जेलची, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेच्या प्रवाहाने प्रथिने आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये खालचा जेल ओतायचा, तो घट्ट झाला की वरचा विरळ जेल ओतून कंगवा रोवायचा, खाचांमध्ये नमुने सोडायचे आणि प्रवाह सुरू करून निळी रेघ तळाशी पोहोचेपर्यंत वाट पाहायची, हे काम या क्षेत्रात येणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी करतो आणि निबंध लिहिताना लेमलींचा उल्लेख करतो. ‘नेचर’ने २०१४ साली सर्वाधिक सायटेशन (इतर निबंधांतले उल्लेख) मिळालेल्या १०० शोधनिबंधांची यादी केली, तेव्हा हा निबंध २,१३,००५ उल्लेखांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला होता लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा प्रथिनमापनाचा निबंध. लेमली पुढे प्रिन्स्टनमध्ये आणि नंतर जिनिव्हात गुणसूत्रांच्या रचनेवर काम करत राहिले. हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने) काढून टाकल्यावरही गुणसूत्राचा सांगाडा टिकतो आणि डीएनएच्या वेटोळ्या त्याला धरून राहतात, हे त्यांच्या गटाने दाखवले. माझ्या मते विचार म्हणून हे काम जेलपेक्षा खोल आहे, पण उल्लेखांच्या बेरजेत ते जेलच्या आसपासही येत नाही.

सँगर यांचा डीएनए-क्रमनिर्धारणाचा, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याचा, १९७७ सालचा निबंध त्याच यादीत ६५,३३५ उल्लेखांसह चौथा होता. म्हणजे ज्या पद्धतीने मानवी जनुकसंच वाचला गेला, तिला लेमलींच्या जेलच्या एक तृतीयांशाहूनही कमी उल्लेख मिळाले. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेवरचा १९५३ चा निबंध तर यादीतच नव्हता. शंभरावा क्रमांक मिळवायला १२,११९ उल्लेख लागत होते. एखादा शोध पाठ्यपुस्तकात गेला की मूळ निबंधाचा उल्लेख करणे लोक सोडून देतात, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

सँगर यांना १९५८ आणि १९८० अशी दोनदा रसायनशास्त्राची नोबेल मिळाली. या दोन टप्प्यांच्या मधली काही वर्षे मात्र फारशी फलदायी नव्हती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या वर्षांतल्या त्यांच्या आलेखाकडे पाहून एखाद्या विद्यार्थ्याने पाठ फिरवली असती, तर ते मोठे नुकसान ठरले असते. त्यांच्याकडे पीएच. डी. केलेले रॉडनी पोर्टर १९७२ साली आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न २००९ साली नोबेलचे मानकरी ठरले. गाइड म्हणून सँगर यांची ही कमाई कोणत्याही एच-इंडेक्समध्ये मोजली जात नाही.

एच-इंडेक्स ही कल्पना हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. किमान ४५ उल्लेख मिळालेले ४५ निबंध असले, की इंडेक्स ४५. या हिशेबात दोन लाख उल्लेखांचा निबंधही एकच धरला जातो, आणि इंडेक्स कधी खाली येत नसल्याने वय त्याला आपोआप वाढवते. म्हणून हिर्श यांनीच तो संशोधनाच्या वर्षांनी भागून पाहायला सुचवले होते. समोरच्या दोन गाइडांपैकी पहिल्याची ३० वर्षे झाली असतील, तर भागाकार दीड येतो. दुसऱ्याची सहाच वर्षे झाली असतील, तर दोन. अर्थात हीसुद्धा फक्त पहिली चाळणी आहे. वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्याची तुलना कर्करोगावर काम करणाऱ्याशी आकड्यांनी करू नये, कारण कर्करोगाच्या क्षेत्रात उल्लेख करणारेच कितीतरी जास्त असतात.

४५ वाल्यांच्या गेल्या पाच वर्षांतील निबंधांवर विद्यार्थ्यांची नावे पहिली असतील आणि मुले वेळेत बाहेर पडत असतील, तर तिथेच जावे, असे मी सांगेन. मोठ्या गटात शिकायला पुष्कळ मिळते. पण इंडेक्सचा बहुतेक भार एखाद्या जुन्या प्रयोगपद्धतीवरील निबंधमालेवर किंवा शंभर लेखकांच्या संयुक्त प्रकल्पांवर असेल, तर १२ वाल्यांचा प्रस्ताव नीट वाचावा. लॅब रोटेशनची (गाइड ठरवण्याआधी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करण्याची) सोय असल्यास दोन्हीकडे काही आठवडे काढावेत आणि तिथल्या सीनियरांना एकच विचारावे : बिघडलेला जेल घेऊन तुम्ही सरांकडे किंवा मॅडमकडे गेलात, तेव्हा त्या दिवशी त्यांनी तो हातात घेऊन पाहिला का? सँगर निवृत्त होईपर्यंत स्वतः प्रयोगाच्या टेबलापाशी उभे राहत असत.