बजेट कमी आणि सेंटर बॅक हवाय: फ्रीवाला, तरणा का लोनवाला?

फुटबॉल टीममध्ये सेंटर बॅकची, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणाऱ्याची, एक जागा रिकामी, पैसे जेमतेम, आणि लिस्टवर तीन टाइपची नावं. एक तिशीतला, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय म्हणून फ्री, म्हणजे जुन्या क्लबला फी न देता, मिळतोय, एक एकवीस-बावीसचा पोरगा ज्याच्यासाठी फी मोजावी लागेल, आणि एक मोठ्या क्लबच्या बेंचवर बसून कंटाळलेला जो लोनवर, म्हणजे काही काळ उसना, यायला तयार आहे. कमी बजेटवाल्या क्लबला दर ट्रान्सफर विंडोत (खेळाडू घ्यायच्या-विकायच्या मुदतीत) हेच कोडं पडतं आणि मग सगळे तिघांत भारी कोण यावर भांडत बसतात. माझं म्हणणं, आधी हे ठरवा की निवड फसलीच तर कुठलं नुकसान झेपेल, पैशांचं का पॉइंट्सचं, कारण हे तिघं फसतात ते तीन वेगळ्या तऱ्हेने.

तुलना करायची तर २०२२ च्या बर्नलीइतकं सोयीचं उदाहरण मिळणार नाही. ही टीम इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून खालच्या लीगमध्ये गेली आणि एकाच उन्हाळ्यात एकाच टीमचे तीन सेंटर बॅक बाहेर पडले. बेन मी, ३२ वर्षांचा, फ्रीमध्ये ब्रेंटफर्डला. जेम्स टार्कोव्स्की, २९ चा, तोही फ्री, एव्हर्टनला. आणि नेथन कॉलिन्स, २१ चा, त्याच्यासाठी वुल्व्ह्जने मोजले सुमारे २ कोटी ५ लाख पौंड.

पुढे काय झालं बघा. बेन मी ऑगस्टमध्येच मँचेस्टर युनायटेडविरुद्ध कॉर्नरवरून हेडर मारून मोकळा झाला, ब्रेंटफर्ड ती मॅच ४-० जिंकली आणि सीझन संपला तेव्हा टीम नवव्या नंबरवर होती. टार्कोव्स्कीचं एव्हर्टन सीझनभर गटांगळ्या खात होतं, पण फेब्रुवारीत टॉपवर असलेल्या आर्सेनलला १-० हरवलं तो गोल त्याचाच, तोही कॉर्नरवर हेडर, आणि कॉर्नर मारणारा ड्वाइट मॅकनील पण त्याच उन्हाळ्यात बर्नलीहूनच आलेला. एव्हर्टन शेवटच्या दिवशी वाचलं, म्हणजे तिथे एकेक पॉइंट किती महाग होता ते समजून घ्या. कॉलिन्सला मात्र सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध रेड कार्ड मिळालं आणि जानेवारीत वुल्व्ह्जने वेस्ट हॅमचा क्रेग डॉसन स्वस्तात उचलला, वय ३२, आणि त्यानेच पोराची जागा खाल्ली.

इथपर्यंत वाचून वाटेल फुकट ते पौष्टिक, विषय संपला. थांबा जरा. २०२३ ला ब्रेंटफर्डने त्याच कॉलिन्ससाठी २ कोटी ३० लाख पौंड दिले, तेव्हाचा त्यांचा क्लब रेकॉर्ड. म्हणजे पोरगा वर्षभर धड सेट झाला नाही तरी वुल्व्ह्जचे पैसे परत आले. बेन मी किंवा टार्कोव्स्की फसले असते तर एक पैसा परत आला नसता, उलट कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत पगार देत बसावं लागलं असतं.

आणि हा पगारच लोक हिशोबात धरत नाहीत. एक मनातला हिशोब करू. समजा फ्रीवाल्याला आठवड्याला ६० हजार पौंड द्यायचेत, वर्षाचे झाले ३१ लाख २० हजार, साइनिंग बोनस आणि एजंटचा वाटा वेगळाच. तरण्याची फी समजा ८० लाख, कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, पगार आठवड्याला २५ हजार. अकाउंटमध्ये फी कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटली जाते, म्हणजे वर्षाला २० लाख, अधिक पगाराचे १३ लाख, एकूण ३३. बघा, वर्षाचा बोजा जवळजवळ सारखाच आला! फरक पडतो तो शेवटी. दोन वर्षांनी तरण्याची बुक व्हॅल्यू (फीचा अजून हिशोबात न वाटलेला भाग) उरते ४० लाख, तो १ कोटीला गेला तर ६० लाख नफा दिसतो, तर फ्रीवाला तेव्हा अजून एक वर्ष मागत असतो. हां, पण फी बऱ्याचदा आधी कॅशमध्ये भरावी लागते, हप्ते मिळाले तर ठीक, नाहीतर ज्या क्लबच्या खात्यात आत्ता पैसेच नाहीत त्याला हा सुंदर हिशोब काय कामाचा.

आता खेळाकडे. बर्नलीचे ते तिघं खोल बसून डिफेंड करणाऱ्या टीमचे, बॉक्समध्ये उभं राहून क्रॉस काढायचे, अंगावर बॉल घ्यायचे. तुमचा कोच हाय लाइन लावणार असेल, म्हणजे डिफेन्स आपल्या गोलपासून बराच पुढे उभा करणार असेल, आणि मागे चाळीस मीटर मोकळं रान असेल तर असा तिशीचा सेंटर बॅक पहिल्या महिन्यात उघडा पडणार, मग तो फ्री असो नाहीतर कितीचाही. अशा टीमला वेग हवा आणि वेग तरण्याकडेच असतो. व्हिडिओ बघताना हायलाइट्स बघूच नका, बॉल उलट्या बाजूला असतानाचं फुटेज मागवा आणि फक्त त्याच्या मानेकडे बघा. खांद्यावरून मागे नजर टाकतो का, स्ट्रायकर पाठीमागे सरकला की अंग आडवं करतो का बॉलकडेच तोंड करून उभा राहतो. दहा मिनिटांत बरंच कळतं.

टॅकलच्या आकड्यावर तर जाऊच नका. जी टीम बॉलमागे पळते तिच्या डिफेंडरचे टॅकल आपोआप जास्त, आणि ज्याला जागा कळते त्याला टॅकलची वेळ कमी येते. मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर फर्ग्युसनने २००१ ला सेंटर बॅक याप स्टामला लाझिओला विकलं, त्यामागे टॅकल कमी झाल्याचे आकडे हे एक कारण होतं असं सांगतात, आणि तो निर्णय चुकला हे नंतर फर्ग्युसनने स्वतःच मान्य केलं.

त्यापेक्षा मागच्या दोन सीझनला किती मिनिटं खेळला ते बघा, वयस्कर माणसाच्या बाबतीत तर वयाच्याही आधी हेच. थिआगो सिल्वा २०२० ला फ्रीमध्ये चेल्सीला आला तेव्हा ३५ चा, पहिल्याच सीझनला चॅम्पियन्स लीग जिंकला आणि चार सीझन टिकला. सर्जियो रामोस २०२१ ला फ्रीमध्ये पीएसजीला गेला तेव्हाही ३५ चाच, पण पहिला सीझन बहुतेक दुखापतीत गेला, आणि तो यायच्या आधीच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, युरोच्या स्पेन टीममध्येही नव्हता. खुणा आधीपासून दिसत होत्या. पीएसजीला ते झेपलं, तुम्हाला झेपणार नाही.

लोनचं थोडक्यात सांगतो. खरेदीचा ऑप्शन आणि त्याची किंमत आधीच लिहून घेतली असेल तरच घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या पोराला तुमच्या पॉइंट्सवर ट्रेनिंग देऊन परत पाठवायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात भोक तिथल्या तिथे. वर पालक क्लबला जानेवारीत परत बोलवायचा हक्क असेल तर अजूनच वाट लागते. आधी वापरून मग विकत, हे जमलं की मात्र मजा येते: सेंटर बॅक रॉबर्ट हुथ फेब्रुवारी २०१५ ला स्टोकहून लेस्टरला लोनवर आला, टीम वाचली, उन्हाळ्यात त्यांनी त्याला सुमारे ३० लाख पौंडांत कायमचा घेतला आणि २०१६ ला लेस्टर चॅम्पियन. त्या बॅकलाइनमधला लेफ्ट बॅक क्रिस्टियन फुक्स तर शाल्केहून फ्री आलेला.

फुल बॅक, म्हणजे डिफेन्सच्या कडेला खेळणारा, शोधत असाल तर माझं मत एकदम उलटं, तिथे तिशीचा घेऊच नका, पाय गेले की त्या जागेवर लपायला कुठे नाही. तिथे रेलिगेट झालेल्या (खालच्या लीगमध्ये गेलेल्या) टीमा आणि खालच्या लीग धुंडाळा. अँडी रॉबर्टसन २०१७ ला हल खाली गेल्यावर ८० लाख पौंडांत लिव्हरपूलला मिळाला, शेमस कोलमन २००९ ला आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून ६० हजारात एव्हर्टनला. हजारात, हो.

सेंटर बॅकसाठी मी असं करेन. टीम रेलिगेशनच्या तोंडावर असेल आणि खोल बसून खेळत असेल तर फ्रीवाला अनुभवी, डोळे झाकून, पण दोन वर्षांसाठीच. टेबलच्या मध्यावर निवांत असाल तर तरणा घ्या, पाच-सहा मॅच तो घाण करणार हे धरून चाला, आणि विकणारा क्लब भाव खात असेल तर त्याला पुढच्या विक्रीत टक्केवारी देऊन आत्ताची फी खाली आणा. सेंटर बॅक व्हॅन डाइक सेल्टिकहून साउदॅम्पटन आणि तिथून साडेसात कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला तेव्हा सेल्टिकलाही अशाच अटीमुळे वाटा मिळाला. आणि फ्रीवाल्याचा एजंट तिसऱ्या वर्षासाठी अडूनच बसला तर दुसऱ्या सीझनला पंचवीस मॅच सुरुवातीपासून खेळला तरच तिसरं वर्ष लागू, अशी अट टाका. नाही म्हणाला तर लिस्टवरचं पुढचं नाव.