एडब्ल्यूएस सिक्रेट्स मॅनेजर: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहू नये, हे आता सगळ्यांनाच पटलेलं असतं. तरी तो कुठे ना कुठे सांडलेला सापडतोच: गिटच्या जुन्या कमिटमध्ये, लॅम्ब्डाच्या (सर्व्हर न सांभाळता कोड चालवून देणारी एडब्ल्यूएसची सेवा) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, नाहीतर टेराफॉर्मच्या (कोड लिहून क्लाउडची रचना उभी करणारं साधन) स्टेट फाइलमध्ये. एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, सिक्रेट्स मॅनेजर ही सेवा एप्रिल 2018 मध्ये आली ती यावरच उपाय म्हणून: पासवर्ड किंवा की, म्हणजे सिक्रेट, ती एन्क्रिप्ट करून जपते आणि ॲपनं मागितलं की देते. मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरच्या विभागांत) ती मिळते.

आधी खर्चाचं बघू. एका सिक्रेटला महिन्याला 0.40 डॉलर आणि दर 10,000 एपीआय कॉलना 0.05 डॉलर. आकडा किरकोळ दिसतो. पण 15 सर्व्हिस, डेव्ह-स्टेजिंग-प्रॉड (विकास, चाचणी, प्रत्यक्ष वापर) अशी 3 एन्व्हायर्नमेंट आणि प्रत्येक ठिकाणी 4 सिक्रेट धरली, तर 180 सिक्रेट होतात, म्हणजे महिना 72 डॉलर. दुसऱ्या रीजनमध्ये प्रत ठेवली, तर तीही वेगळं सिक्रेट म्हणून मोजली जाते. कॉलचं बिल तर बेसावध माणसालाच लागतं: लॅम्ब्डा दर वेळी नव्यानं सिक्रेट मागत असेल आणि महिन्यात 1 कोटी वेळा चालत असेल, तर नुसत्या वाचण्याचे 50 डॉलर. एडब्ल्यूएसचंच लॅम्ब्डा एक्स्टेन्शन लावलं, तर ते सिक्रेट 300 सेकंद जवळ धरून ठेवतं आणि हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो.

याच्या शेजारीच पॅरामीटर स्टोअर ही एडब्ल्यूएसचीच सेटिंग साठवायची सेवा आहे. त्यातले 4 केबीपर्यंतचे साधे पॅरामीटर फुकट असतात आणि सिक्युअर-स्ट्रिंग प्रकारात तेही केएमएसनेच (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी एडब्ल्यूएसची सेवा) एन्क्रिप्ट होतात. म्हणून स्पष्टच सांगतो: जी की तुम्ही आपोआप बदलणार नाही, तिच्यासाठी सिक्रेट्स मॅनेजरला पैसे देऊ नका. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीची एपीआय की पॅरामीटर स्टोअरमध्ये तितकीच सुरक्षित राहते. सिक्रेट्स मॅनेजरचे पैसे वसूल होतात ते रोटेशनमध्ये, म्हणजे पासवर्ड ठरावीक काळानं आपोआप बदलण्यात. दुसऱ्या खात्यातून सिक्रेट वाचायचं असेल तेव्हाही ही सेवा सोयीची पडते. फक्त तिथे एडब्ल्यूएसची डीफॉल्ट केएमएस की चालत नाही. स्वतःची की करावी लागते, तिचा महिना 1 डॉलर वेगळा.

एका सिक्रेटमध्ये 64 केबी मावतात. होस्ट, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड एकाच जेसनमध्ये ठेवणं योग्यच आहे. पण पैसे वाचवायला पेमेंट गेटवेची कीही त्यातच कोंबू नका. परवानगी अख्ख्या सिक्रेटवर मिळते, जेसनमधल्या एका रकान्यावर नाही. ज्या सर्व्हिसला फक्त डेटाबेस हवा, तिच्या हाती गेटवेही जातो.

आता रोटेशन. आरडीएसचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) मास्टर पासवर्ड असेल तर काम सोपं आहे: आरडीएसलाच तो सांभाळायला सांगा. लॅम्ब्डा लिहावी लागत नाही आणि डीफॉल्ट सेटिंगवर तो दर 7 दिवसांनी बदलतो. बाकी युजरसाठी मात्र लॅम्ब्डा लागते आणि ती चार पायऱ्यांनी चालते. नवा पासवर्ड तयार करून त्याला पेंडिंग लेबल लावायचं, तो डेटाबेसमध्ये बसवायचा, त्यानं लॉगिन होतं का ते तपासायचं आणि शेवटी करंट लेबल त्याच्यावर सरकवायचं. आधीच्या पासवर्डला प्रीव्हियस लेबल मिळतं.

बहुतेकांचं पहिलं रोटेशन अडकतं ते नेटवर्कमध्ये. डेटाबेस प्रायव्हेट सबनेटमध्ये (इंटरनेटची थेट वाट नसलेल्या नेटवर्कच्या भागात) असतो, म्हणून लॅम्ब्डाही तिथेच ठेवली जाते. डेटाबेस तिला दिसतो, पण सिक्रेट्स मॅनेजरपर्यंत जायला वाट नसते. लॉगमध्ये फक्त टाइमआउट दिसतो, बाकी काही नाही. नॅट गेटवे (इंटरनेटवर बाहेर जायची वाट) द्या किंवा सिक्रेट्स मॅनेजरचा इंटरफेस एंडपॉइंट (त्या सेवेपर्यंतची खासगी वाट) उभा करा. एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलच्या नियमांत) लॅम्ब्डाकडून येणारा 443 पोर्ट उघडायला विसरू नका, कारण तो बंद असला तरी लक्षण हेच दिसतं. रोटेशन मध्येच तुटलं, तर पेंडिंग लेबल जुन्या अर्धवट व्हर्जनवर चिकटून राहतं आणि पुढच्या वेळी ‘आधीचं रोटेशन पूर्ण झालेलं नाही’ अशा अर्थाची एरर येते. अशा वेळी डेटाबेसमध्ये नेमका कोणता पासवर्ड चालतो ते आधी हातानं तपासा, मगच लेबल काढा. उलटं केलं, तर चालू पासवर्ड हरवून बसाल.

दुसरी अडचण पासवर्डमधल्या चिन्हांची. रोटेशनच्या लॅम्ब्डाचा एडब्ल्यूएसनं दिलेला तयार साचा नवा पासवर्ड बनवताना स्लॅश, ॲट आणि अवतरणचिन्हं वगळतो, पण हॅश, टक्का, प्रश्नचिन्ह तशीच ठेवतो. ॲप कनेक्शनची यूआरएल जोडून बनवत असेल, तर एखाद्या रात्री हॅश असलेला पासवर्ड येतो आणि यूआरएल तिथेच तुटते. वगळायच्या चिन्हांची यादी लॅम्ब्डाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये वाढवता येते. पहिल्याच दिवशी वाढवून टाका.

एकच युजर फिरवला, तर पासवर्ड डेटाबेसमध्ये बदलणं आणि लेबल सरकणं यात थोडा वेळ जातो. त्या वेळात उघडलेलं नवं कनेक्शन नाकारलं जातं. प्रॉडक्शनला आलटूनपालटून दोन युजर वापरणंच बरं, म्हणजे जुन्या युजरचा पासवर्ड पुढच्या रोटेशनपर्यंत चालत राहतो. या पद्धतीत युजरनेमही बदलतं, त्यामुळे ते कॉन्फिगमध्ये लिहून न ठेवता सिक्रेटमधूनच वाचा. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची मालकी ते बनवणाऱ्या युजरकडे राहते. मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) याच जोडीकडून चालवल्या, तर एकानं बनवलेलं टेबल दुसऱ्याला बदलता येत नाही. मायग्रेशनसाठी वेगळाच युजर असावा.

शेवटी ॲपलाही हे पचलं पाहिजे. ईसीएसमध्ये (एडब्ल्यूएसची कंटेनर चालवणारी सेवा) सिक्रेट टास्क, म्हणजे कंटेनर, सुरू होतानाच व्हेरिएबलमध्ये भरलं जातं, नंतर बदललेला पासवर्ड त्याला कळत नाही. एकतर रोटेशननंतर नवी डिप्लॉयमेंट करायची, नाहीतर ॲपनं स्वतः सिक्रेट वाचायचं. सिक्रेट काही वेळ जवळ धरून ठेवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या कॅशिंग लायब्ररी डीफॉल्टनं तासाभरानं ते नव्यानं आणतात. तेवढ्यावर विसंबू नका. लॉगिन नाकारलं गेलं की कॅश टाकून द्यायची, सिक्रेट पुन्हा आणायचं आणि एकदा परत प्रयत्न करायचा, एवढा कोड हवाच. ईसीएसमध्ये रोलचीही (परवानग्या ज्याला देतात ती ओळख) गल्लत होते: व्हेरिएबल भरण्याची परवानगी टास्क एक्झिक्युशन रोलला लागते, ॲपनं स्वतः वाचायचं असेल तर टास्क रोलला. पॉलिसीत (परवानगीच्या नियमांत) सिक्रेटचं नाव लिहिताना एआरएनच्या (सिक्रेटच्या पूर्ण पत्त्याच्या) शेवटी हायफन आणि सहा अक्षरं आपोआप जोडली जातात, हेही लक्षात ठेवा. त्या जागी हायफनपुढे सहा प्रश्नचिन्हं द्यावीत. नुसता तारा दिला, तर त्याच नावानं सुरू होणारी दुसरी सिक्रेटही उघडी पडतात.

टेराफॉर्मनं सिक्रेटमध्ये पासवर्ड भरला, तर तो स्टेट फाइलमध्ये साध्या मजकुरात उतरतो. 1.11 आवृत्तीपासून फक्त लिहिता येणारे आर्ग्युमेंट आले आहेत, ते वापरा. कमांड लाइनवरून भरताना पासवर्ड थेट टाइप केला तर तो शेलच्या हिस्टरीत राहतो. फाइलमधून द्या आणि ती फाइल नंतर पुसा.

सिक्रेट डिलीट केलं की ते लगेच जात नाही. डीफॉल्ट मुदत 30 दिवसांची, कमीत कमी 7. त्या काळात ते परत आणता येतं, ही सेवेची फार चांगली बाजू. पण तेवढे दिवस ते नाव पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे रोज उभ्या-आडव्या होणाऱ्या डेव्ह एन्व्हायर्नमेंटमध्ये दुसऱ्याच दिवशी टेराफॉर्म अडतो. डेव्हसाठी टेराफॉर्ममध्ये मुदत 0 ठेवा, म्हणजे ते वाट न पाहता लगेच पुसलं जातं. प्रॉडमध्ये 30 ला हात लावू नका, आणि डिलीट करण्याआधी क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसमधल्या कॉलची नोंदवही) ते सिक्रेट शेवटचं कोणत्या रोलनं वाचलं ते पाहा.