पेले-गारिंचा प्रत्यक्ष पाहायचे राहिले? मग साओ पावलोचं फुटबॉल संग्रहालय

ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात, पाकाएंबू स्टेडियमच्या प्रेक्षक-पायऱ्यांखाली २००८ साली उघडलेलं हे संग्रहालय. करंडक फारसे नाहीत; भर आहे तो चित्रफिती, आवाज आणि छायाचित्रांवर. करंडकांच्या आशेनं येणाऱ्यांचा हिरमोड होईल, पण निवड बरोबर आहे. जुना खेळाडू कळतो तो त्याच्या हालचालींतून.

गारिंचासाठी तर यावंच. वाकड्या पायांचा हा ब्राझीलचा उजवा विंगर (मैदानाच्या उजव्या कडेनं चढाई करणारा खेळाडू) बचावपटूला उजवीकडूनच चकवणार हे सगळ्यांना ठाऊक असे, तरी तो निसटायचाच. त्याच्या फिती पाहताना चेंडू सोडून समोरच्या बचावपटूच्या पायांकडे बघा. तोल कधी जातो ते दिसेल. १९६२ च्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा संघ यानंच ओढला. दोघे एकत्र खेळलेल्या ४० सामन्यांत ब्राझील एकदाही हरला नाही.

पेलेच्या बाबतीत एक अडचण कुठलंच संग्रहालय सोडवू शकत नाही: १९५९ मध्ये युवेंतूसविरुद्ध (इटलीचा नव्हे, साओ पावलोचाच क्लब) केलेला, त्याच्या मते सर्वांत सुंदर गोल चित्रित झालाच नाही. नंतर संगणकावर बनवलेली फीत आहे, तेवढ्यावरच समाधान.

१९५० च्या विश्वचषकात ब्राझीलच्या मायदेशी उरुग्वेकडून झालेल्या पराभवाचं दालन घाईत उरकू नका.

अडीच तास हाताशी ठेवा. सोमवारी बंद, मंगळवारी प्रवेश मोफत, म्हणून गर्दीही. स्टेडियममध्ये सामना असेल तर वेळा बदलतात, आधी तपासा. जुनी रेडिओ समालोचनं पोर्तुगीजमध्येच. गोलाची आरोळी मात्र समजतेच.