४८,००० चा रिफंड मला सव्वा लाखाला पडला

मी भांडुपचा. शनिवार-रविवार टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. दोन कॅमेरे, एक स्कोअरर, कॉमेंट्रीला गल्लीतला मित्र. २०२३-२४ मध्ये आयोजक, जाहिराती, सुपरचॅट आणि प्रायोजक मिळून जे आलं, त्यातून खर्च जाऊन ८,४०,००० रुपये उरले. प्रायोजकांनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला होता, एकूण ४८,०००. ‘कापलेलं परत मिळतं’, टॅक्सबद्दल माझं ज्ञान एवढंच.

जुलै २०२४ चा शेवटचा आठवडा. ग्राउंडवरच एका आयोजकाने नंबर दिला. माणूस स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसायचा. बोर्डावर ‘टॅक्स कन्सल्टंट’, बोलण्यात मात्र ‘आम्ही सीए लोक’. रिफंडच्या २० टक्के फी, रिफंड नाही तर फी नाही. मला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटलं! सीएला अशी टक्केवारीवर फी घेणं त्यांच्या नियमांनीच बंद आहे, हे वर्षभराने कळलं.

“यूट्यूबवाल्यांना सगळं बसवता येतं दादा, टेन्शन घेऊ नका,” म्हणाला. पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट घेतलं. बिलं मागितली नाहीत. दोन दिवसांनी सामना चालू असताना फोन आला, “ओटीपी बोला.” सांगितला. दोन षटकं होतात न होतात तोच परत, “अजून एक आलाय बघा.” तोही सांगितला. कसले ओटीपी, हे विचारायचं सुचलं नाही. माझं लक्ष थर्डमॅनच्या कॅमेऱ्याच्या बॅटरीवर.

ऑगस्टमध्ये खात्यात पूर्ण ४८,००० जमा. ९,६०० त्याला जीपे केले, वर पेढे नेऊन दिले. आणि लाजत सांगतो, आणखी दोन पोरांना त्याच्याकडे पाठवलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नवीन कॅमेऱ्यासाठी कर्ज हवं होतं, बँकेने रिटर्नची प्रत मागितली. त्याचा फोन बंद, पोटमाळ्याला कुलूप. मुलुंडच्या एका सीए ताईंकडे गेलो. आधारवरून पासवर्ड बदलून त्यांनी आयकर पोर्टलवरचं माझं खातं उघडलं. प्रोफाइलमध्ये माझ्या नावाने बनवलेला भलताच ईमेल, मोबाइलही माझा नाही. आयकर खात्याने काही पाठवलं असतं तर ते तिथेच पडून राहिलं असतं.

ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “एलआयसी दीड लाखाची आहे?” नाही. “राजकीय पक्षाला २,००,००० देणगी दिलीत?” अहो, मी मंडळाच्या वर्गणीतही घासाघीस करतो! ८० सी (विमा, बचत) आणि ८० जीजीसी (पक्षाला देणगी) या कलमांखाली साडेतीन लाखांची खोटी वजावट लावून त्याने उत्पन्न ४,९०,००० वर आणलं होतं. कर मोजायच्या दोन प्रणाली, जुनी आणि नवी; अशा वजावटी जुनीत चालतात, आणि तिथे पाच लाखांपर्यंत सवलत, म्हणजे कर शून्य.

पहिला ओटीपी होता ती जुनी प्रणाली निवडायच्या फॉर्म १०-आयईए चा, दुसरा रिटर्नच्या पडताळणीचा. धंद्याचं उत्पन्न असलं की त्या वर्षापुरती ती निवड मागे घेता येत नाही. नव्या प्रणालीत खरं रिटर्न भरलं असतं तर कर ४०,५६० झाला असता. म्हणजे ७,४४० रुपये हक्काने परत आले असते, एक खोटा आकडा न टाकता. आता जुन्या हिशेबाने ८३,७२०, आणि कापलेले ४८,००० परत घेतलेले, म्हणून सगळेच भरायचे.

२०२५ च्याच जुलैत आयकर खात्याने अशा खोट्या वजावटी लावणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली होती. बातमी मी वाचली होती, आपली म्हणून नाही. ताई म्हणाल्या, नोटीस यायच्या आत अद्ययावत रिटर्न, म्हणजे चूक सुधारलेलं नवं रिटर्न, भरा. चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. इथे कर आणि व्याजावर २५ टक्के जादा भरून सुटका. सगळं मिळून १,२०,००० च्या वर गेलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “ओटीपी कुणी दिला?” मीच. पोर्टलवरही रिटर्न मी स्वतः भरल्याचंच दिसतं, त्याचं नाव कुठेच नाही. तुमचंही कुणी भरून दिलं असेल तर आज रात्री लॉगिन करून आधी ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा, मग वजावटीचं पान उघडा. त्या दोन पोरांनाही मी हेच सांगितलं. एकाच्या नावावरही देणगी निघाली, तीही २,००,०००.

पैसे भरायला थर्डमॅनचा कॅमेरा विकला. आता रनआउटचा वाद झाला की चॅटमध्ये लोक दुसरा अँगल मागतात.