‘बर्सर्क’, नऊ महिन्यांनंतर : बुरशी पुसत पुसत केलेलं वाचन

जुलैतल्या एका सकाळी कपाट उघडलं तर ‘बर्सर्क’ या जपानी चित्रकथेच्या (मांगाच्या) काळ्या कव्हरवर पांढरी साय धरलेली. कोकणात राहून तीन हजारांच्या आतबाहेरचं पुस्तक घेणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवं होतं. चामड्यासारखं दिसणारं ते कव्हर पुण्याच्या फ्लॅटमध्ये शोभत असेल. आचऱ्याच्या पावसात ते भाकरीच्या तुकड्यासारखं बुरसतं. सुक्या फडक्याने पुसलं, कापराच्या वड्या ठेवल्या, चपलांच्या खोक्यातल्या त्या सिलिकाच्या पुड्या पानांपाशी सरकवल्या. आता मार्च आलाय, पाचही खंड शाबूत आहेत. फक्त पहिल्याचा कोपरा चेपलेला आहे, पण तो तसाच आला होता. खोकं भिजलेलं, आत गुंडाळायला एक वर्तमानपत्रही नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. असो.

मोठ्या आकाराची ही इंग्रजी आवृत्ती एका खंडात मूळचे तीन भाग देते. माझ्याकडे पहिले पाच खंड आहेत, म्हणजे भाग १ ते १५. पुढचं सगळं मोबाइलवर वाचलं. फरक जाणवतो. लेखक-चित्रकार केंतारो मिउरांची चित्रं मोबाइलच्या पडद्यावर म्हणजे रांगोळी दाराच्या फटीतून बघण्यासारखं आहे. मात्र खंड जड आहे, आडवं पडून वाचलात तर झोप लागताक्षणी नाकावर पडतो. स्वानुभव.

आता मूळ भांडण. माझा चुलतभाऊ ट्रॉलरवर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे पावसात तो आमच्या ओटीवर येऊन बसतो आणि मी वाचत असेन त्याची खिल्ली उडवतो. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं हे कळल्यावर पहिला शेरा, “मेल्या, पैसे देऊन उलटा पुस्तक घेतलंस?” पहिला खंड मात्र त्याने दोन दिवसांत संपवला आणि निकाल दिला: नुसता रागीट माणूस, मोठी तलवार, रक्त, परत रक्त. जगभर पाच कोटींहून जास्त प्रती कशासाठी खपल्या?

पहिल्या खंडापुरतं मी त्याच्याशी सहमत आहे. १९८९ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा मिउरा तेवीस वर्षांचे होते, आणि ते दिसतं. कथेचा एकाक्षी नायक गट्स, लोखंडी डावा हात, त्यात दडवलेली तोफ, भेटेल त्याच्यावर गुरकावणं. सोबतचा पक नावाचा इवलासा परीसारखा जीव विनोद करतो तेवढाच श्वास. लोक पहिला भाग वाचून ‘महान महान’ म्हणतात ते मला खरं वाटत नाही. महान जे आहे ते तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे सुरू होतं, जेव्हा कथा मागे जाते आणि हा माणूस असा का झाला ते सांगायला बसते.

ग्रिफिथ हा भाडोत्री सैनिकांच्या टोळीचा देखणा नायक. गट्स त्याचा उजवा हात, कास्का त्या टोळीतली एकमेव बाई आणि सेनानी. एका रात्री ग्रिफिथ राजकन्येला सांगतो की मित्र म्हणजे माझ्या स्वप्नामागे धावणारा नव्हे, स्वतःचं स्वप्न असलेला, माझ्या बरोबरीचा माणूस. गट्स ते आडून ऐकतो. चारपाच वाक्यं, पण पुढचं सगळं रामायण त्यातून निघतं.

मला मात्र धरून ठेवलं ते वेगळ्याच पानाने. लढाईनंतरची रात्र, गट्स आणि कास्का उंचावरून खाली तळ बघतायत, सगळीकडे शेकोट्या पेटलेल्या. गट्स म्हणतो, प्रत्येकाने आपली छोटी ज्योत त्या मोठ्या जाळात टाकलीय, आणि माझी ज्योत काही तिथे नाही. हे वाचताना मला आमची गावपळण आठवली. बाहेरच्यांसाठी सांगतो: दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खं आचरा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री सगळी घेऊन. मी सातआठ वर्षांचा असताना झोपडीसमोर बसून पाहिलेलं आहे, अंधारात चुलीमागे चूल, आणि मागे गावात एकही दिवा नाही. कोण कोणाच्या चुलीवर जेवतोय त्याचा पत्ता नसायचा. मिउरांनी ती शेकोटी काळ्या शाईच्या रेघांत काढलीय, पण ऊब लागते. माझ्या मते ‘बर्सर्क’ची खरी ताकद ही आहे. काळोखाची तारीफ सगळे करतात. पण आधी त्या टोळीतली माणसं आपल्याला जवळची झाली नसती तर पुढचा काळोख नुसता देखावा ठरला असता.

पुढे काय होतं ते सांगून तुमची मजा घालवत नाही, पण बेहेलिट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंड्याएवढा दगड, त्यावर डोळे, नाक, तोंड अस्ताव्यस्त. माणूस पार खचला की तो जागा होतो आणि पलीकडच्यांना बोलावतो. ते हवं ते देतात, बदल्यात मागतात तुमचं सगळ्यात जवळचं माणूस. आमच्याकडे राखणेला कोंबडा देतात, गाऱ्हाणं घालून, ‘लेकराबाळांची राखण कर रे बाबा’ म्हणत. म्हणजे देणं असतं ते घरच्यांना वाचवण्यासाठी. इथे घरचेच देणं. हा उलटा हिशेब कोकणातल्या वाचकाला जरा जास्तच आत जाऊन बसतो. तीच गोष्ट गट्सच्या मानेवरच्या डागाची. त्या खुणेमुळे रात्र पडली की भुतं त्याला शोधत येतात, आणि तो झोपायचा तर पहाटे, तलवारीला टेकून. तिन्हीसांजेला वहाळाकडे जाऊ नको असं ऐकत वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही.

बाराव्या-तेराव्या भागातलं ग्रहण, म्हणजे कथेतला सगळ्यात भीषण प्रसंग, मी एकाच बैठकीत वाचलं, लाइट गेलेली असताना, टॉर्चवर. चूक केली. अंगावर येतं. त्यात कास्कावर होणारा अत्याचार आहे आणि मिउरा नजर वळवत नाहीत. इथे माझी मोठी तक्रार. टोळीतल्या हजारो पुरुषांना हुकूम देणारी, सगळ्यात नीट लिहिलेली ही बाई त्यानंतर भान हरपते आणि वाचकांच्या खऱ्या काळात वीस वर्षांहून जास्त तशीच राहते, लहान मुलासारखी, हाताला धरून नेण्याची वस्तू होऊन. शिवाय बायकांना ओरबाडणं हा प्रकार इतर ठिकाणीही इतक्यांदा येतो की त्याची धार जाते आणि नुसती किळस उरते. ‘जगच तसं दाखवलंय’ हे उत्तर मला पटत नाही. जग लेखकानेच रचलंय ना? घरात शाळकरी मुलं असतील तर हे खंड वरच्या फळीवर, कुलपात.

दुसरी तक्रार भावाची, आणि ती मी मान्य करतो. पुढे गट्स आणि मंडळी जहाजात बसतात ती वाचकांच्या हिशेबाने साधारण सातेक वर्षं उतरत नाहीत. अंक कधी यायचे, कधी महिनोन्महिने नाही. हे सांगितल्यावर भावाने गंभीर चेहरा करून विचारलं, “सात वर्सां होडयेत? आणि डिझेल खंयसून घातल्यानी?” शिडाचं जहाज आहे म्हटलं तर म्हणाला, मग वारा पडला असणार. आज सलग वाचताना तो पट्टा तितका छळत नाही, पण सैल आहे हे खरं. समुद्री दैत्याचं चित्र बघत मी दहा मिनिटं बसलो आणि कथा कुठे होती ते विसरलो.

मिउरा ६ मे २०२१ रोजी गेले, महाधमनी फाटून, वय अवघं ५४. जून २०२२ पासून त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतले सहकारी मालिका काढतायत. मिउरांनी आपल्याला सांगितलं होतं तेवढंच लिहीन, असं मोरींनी सुरुवातीलाच म्हटलंय. मला हा प्रामाणिकपणा आवडला. चित्रांत हात बदललेला कळतो: चिलखतं तीच, पण चेहऱ्यांवर आधी जो एका क्षणाचा गोंधळ दिसायचा तो कमी झालाय. तरी बंद पडण्यापेक्षा हे बरं. दशावतारात मुख्य नट आजारी पडला म्हणून नाटक थांबत नाही, दुसरा मुकुट बांधतो, आणि लोक पहाटेपर्यंत बसतात, कुरकुरत का होईना.

मग प्रसिद्धी सार्थ की नाही? तिसऱ्या ते चौदाव्या भागासाठी शंभर टक्के सार्थ. त्या पट्ट्याला मी दहापैकी साडेनऊ देईन, अर्धा गुण कास्काच्या नावाने कापून. पुढच्याला सात, त्यातले चार निव्वळ चित्रांचे. पहिले अडीच भाग दात-ओठ खाऊन ओलांडायचे. आणि ‘सर्वश्रेष्ठ मांगा’ असं कोणी म्हणालं तर मी गप्प बसून चहा पितो.

भावाचं मत बदललेलं नाही. ग्रिफिथ गोरागोमटा आहे म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलाय, त्याला शिक्षा होत नाही, ही काय गोष्ट झाली, हेच त्याचं पालुपद. पण नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर जाताना तो चौथा खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला आणि शिमग्याला परत आणून दिला. पानांना खाऱ्या वाऱ्याचा आणि सुक्या बांगड्याचा वास आहे. वाचलास का विचारलं तर म्हणाला, “वाचूक नाय, नुसती चित्रां बघलंय.” शेकोटीच्या पानाशी बोटाचा तेलकट ठसा आहे. ते पान तर तिसऱ्या खंडात, म्हणजे तिसरा खंडही मला न सांगता कधीतरी जाऊन आलाय.

सहावा घ्यायचा विचार आहे, पण आधी सुताराकडून कपाटाला घट्ट दार बसवून घेतो. पाऊस तीन महिन्यांवर आलाय.