स्मिथ अँड क्रॉस रम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रम मला आवडत नाही, असे मी जवळजवळ पंधरा वर्षे सांगत आलो. माझे बालपण सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या परिसरात गेले. गळीत हंगामात वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस वास तेव्हापासून नाकात बसलेला आहे, आणि त्याच मळीपासून तयार होणाऱ्या पेयात त्याचा मागमूसही नसावा, उलट व्हॅनिलाच्या बिस्किटाची आठवण यावी, हे मला कधी पटले नाही. 1954 पासून चालत आलेल्या ओल्ड मंकविषयी मित्रांना वाटणारी माया मी समजू शकतो. तरीही कोकाकोला घालून प्यायलेल्या त्या रमची गोडी माझ्या जिभेला कॉलेजच्या दिवसांतही जड जात असे.

नोकरीनिमित्त हॅम्बुर्गला आल्यावर, नुसती घोट-घोट पिण्यासाठी म्हणून नावाजलेल्या महागड्या रम मी घेऊन पाहिल्या. त्यांत मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील, टॉफीसारख्या मऊ चवीच्या काही बाटल्या होत्या आणि एक मसालेदार रमही होती, जी मला दालचिनी घातलेल्या खोकल्याच्या औषधासारखी लागली. शेवटी कुतूहल म्हणून साधी काचेची मद्यार्कमापी आणली. मद्यात साखर विरघळलेली असली की द्रवाची घनता वाढते आणि मापी प्रत्यक्षापेक्षा कमी मद्यार्क दाखवते. माझ्याकडील एका बाटलीवर 40 टक्के छापलेले होते, मापीवरचा आकडा मात्र 35 च्याही खाली थांबला. यात बेकायदेशीर काही नाही, कारण युरोपीय संघाच्या नियमानुसार रममध्ये लिटरमागे 20 ग्रॅमपर्यंत गोडी आणणारे पदार्थ चालतात. मला मात्र त्या दिवशी इतके कळले की आपले वैर रमशी नसून तिच्यात मागाहून घातलेल्या साखरेशी असावे.

म्हणून साखर न घातलेली रम शोधू लागलो आणि जमैकाच्या स्मिथ अँड क्रॉसपाशी पोहोचलो. जमैकाच्या रमला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या नियमांत वरून साखर घालण्यास वाव नाही. रंगासाठी कॅरमेल तेवढे चालते. ही रम तांब्याच्या भट्टीत, म्हणजे पॉट स्टिलमध्ये गाळलेली असून वेडरबर्न आणि प्लमर या दोन जुन्या जमैकन प्रकारांचे मिश्रण आहे. तिच्यात मद्यार्क 57 टक्के आहे. ब्रिटिशांच्या जुन्या मापात हे जवळजवळ 100 प्रूफ होतात. भारतीय बाटल्यांवर दिसणारे 42.8 टक्के म्हणजे त्याच मापातले 75 प्रूफ, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी बूच काढल्यावर मी बाटली चटकन बंद केली. नेलपॉलिश, काळी पडलेली केळी आणि दोन दिवस घरात राहिलेला बरका फणस असा तो वास होता. या वासाचे मूळ आंबवण्याच्या पद्धतीत आहे. जमैकात जड वासाच्या रमसाठी मळी पुष्कळ दिवस आंबवतात आणि तीत भट्टीत उरलेले आंबट पाणी, ज्याला तिथे डंडर म्हणतात, पुन्हा मिसळतात. आपल्या डिस्टिलऱ्यांत हेच पाणी स्पेंट वॉश म्हणून ओळखले जाते आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी हा ओढ्याकाठच्या गावांचा जुना तंटा आहे. डंडरमधील आम्ले आणि मद्यार्क यांच्या संयोगातून एस्टर, म्हणजे फळांसारखा उग्र वास देणारी संयुगे, तयार होतात. शुद्ध मद्यार्काच्या 100 लिटरमागे किती ग्रॅम एस्टर, यावरून तिथे रमची प्रत ठरते. प्लमर साधारण 150 ते 200 मध्ये, वेडरबर्न त्यापुढे, आणि काही रम थेट 1,600 पर्यंत जातात. इतकी तीव्र रम मुख्यतः जर्मनीसाठी बनू लागली, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथले आयात शुल्क वाढल्यावर थोड्याशा रमचा वास पुष्कळ साध्या मद्यार्काला पुरवावा लागे. ते मिश्रण फेरश्निट या नावाने इथे आजही मिळते. कुतूहलाने घेऊ नये.

पहिला महिना मी ही रम नुसती पिण्याचा हट्ट धरला, आणि ती चूक होती. पुढे हिशेब केला की 30 मिलिलिटरमध्ये 10 मिलिलिटर पाणी घातले की ती आपल्या ओळखीच्या 42.8 टक्क्यांवर येते. तसे केल्यावर नाकाला झोंबणारी वाफ बसली, खालून भाजलेल्या अननसाची आणि काकवीची चव वर आली, आणि शेवटी जीभ कोरडी राहिली. मला हवा होता तो हाच कोरडेपणा. लिंबू आणि थोडी साखर घालून केलेल्या डायक्विरीतही तो टिकतो. कोकमाचे आगळ आणि सोडा यांच्यासोबत तर ती इतकी जमली की सुट्टीला येणाऱ्या मंडळींना आता आगळच आणायला सांगतो. कोकाकोलात मात्र ती भांडते.

उणिवाही सांगतो. जेवणासोबत ती चालत नाही, कारण माशाच्या आमटीपुढे तिचा वासच राहतो. घरी आलेल्या पाचांपैकी चार पाहुण्यांनी पेला अर्धा सोडला, आणि एकाने ती थिनर असल्याचे सांगितले. पेला धुतल्यावरही वास जात नाही, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा पेला ठेवावा लागला. दुसरी एक गोष्ट अनपेक्षित होती. अर्धी झालेली बाटली तीन-चार महिने कपाटात राहिली, तेव्हा नेलपॉलिशचा वास बराच ओसरला आणि मला तिची चव अधिक आवडू लागली.

आठ महिन्यांत दीड बाटली संपली आहे. रोजच्या संध्याकाळसाठी ही रम नाही. त्यासाठी आता बार्बाडोसची, साखर न घातलेली पण सौम्य वासाची एक बाटली आणली आहे. स्मिथ अँड क्रॉसची उरलेली अर्धी मात्र मुद्दाम तशीच ठेवली आहे, पुढच्या उन्हाळ्यात आगळ येईपर्यंत.