‘शून्य तास’ दाखवून विकलेलं सीपॅप मशीन

सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, घ्यायला निघालेल्यांसाठी लिहिते आहे. दुकानदार मशीन सुरू करून दाखवतो, स्क्रीनवर ‘वापर ० तास’ असं येतं आणि आपल्याला वाटतं, नवं कोरं आहे. त्या शून्यावर जाऊ नका. तो दुकानात बसून दोन मिनिटांत आणता येतो.

आमच्या ह्यांना स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. घोरणं जुनंच, पण अलीकडे घोरता घोरता श्वासच थांबायचा आणि मग दचकून सुरू व्हायचा. दिवसा बोलता बोलता डोळा लागायचा. छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली. तासाला सरासरी ४२ वेळा श्वास अडत होता. ३०च्या पुढे गेलं की आजार तीव्र धरतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, आणि मास्कमधून सतत हवेचा दाब देत राहिलं की ती उघडी राहते, एवढं साधं तत्त्व आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१मध्ये ते प्रसिद्ध केलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं : ऑटो सीपॅप, ह्युमिडिफायरसह, दाब ८ ते १४. म्हणजे ८ ते १४च्या दरम्यान दाब आपोआप कमी-जास्त करणारं आणि टाकीतल्या पाण्याने हवा ओलसर करणारं मशीन.

तपासणीच्या रात्री घरी वायरी लावायला जो मुलगा आला होता, त्याने निघताना हातात कार्ड ठेवलं. “काकू, डॉक्टर मशीन लिहून देणारच. बाहेर पासष्टला पडेल, आमच्याकडे अठ्ठेचाळीसमध्ये घरी येऊन बसवून देतो.” रिपोर्ट यायचा होता अजून! त्याच्या मालकाचंच दुकान होतं, हे नंतर कळलं. तपासणी करणारा आणि मशीन विकणारा एकच असला की रिपोर्टमधला आकडाही दुसऱ्या डॉक्टरांकडून बघून घ्यावा, असं माझं मत झालंय. आमचा रिपोर्ट खरा निघाला, ते नशीब.

मालक स्वतः मशीन घेऊन आला. बोलायला अतिशय गोड. बॉक्स आमच्यासमोर फोडला, मशीन लावलं आणि तो शून्य बोट ठेवून दाखवला. “बघा काका, एक तासही चाललेलं नाही.” पाण्याच्या टाकीच्या तळाशी पांढरट कडा होती, बोअरच्या पाण्याने बादलीला धरते तशी. विचारलं, तर म्हणाला, “फॅक्टरीत टेस्टिंग करतात ना काकू.” आता, टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, ते तोच आम्हाला बजावत होता. मग कंपनी क्षाराच्या पाण्याने टेस्टिंग करते होय? बिल दिलं, त्यावर ‘सीपॅप मशीन, नग १’ एवढंच. सीरियल नंबर नाही. वॉरंटी कार्ड कंपनीचं नव्हे, दुकानाचं.

दाब त्याने ४ ते २० असा सगळा मोकळा सोडून दिला. “ऑटो आहे, मशीन आपलं आपण बघून घेतं.” चिठ्ठीकडे ढुंकून पाहिलं नाही. ह्यांना मास्क लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटं गुदमरल्यासारखं व्हायचं, कारण ४चा दाब ह्यांना फारच कमी होता. वर नऊ हजारांची ओझोनने मशीन साफ करायची पेटीही गळ्यात मारायला बघत होता. ती घेतली नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२०मध्येच सांगितलं होतं की अशा ओझोनच्या आणि अतिनील किरणांच्या उपकरणांना तेव्हा त्यांची मान्यता नव्हती. मास्क आणि नळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतली की काम होतं.

सकाळची डोकेदुखी जाईना आणि मशीनची शिट्टीही वाढत चालली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मशीनच घेऊन या. त्यांच्याकडच्या तंत्रज्ञाने रुग्णाला सहसा न दिसणारा मेनू उघडला आणि आम्हाला जवळ बोलावलं. रुग्णाच्या वापराची नोंद पुसता येते, तिथे शून्य येतो. पण मशीनची मोटर एकूण किती तास फिरली, हा आकडा वेगळा असतो आणि नोंद पुसली तरी तो तसाच राहतो. आमच्या मशीनवर तो नऊ हजारांच्या वर होता. रोज आठ तास धरले, तर तीन वर्षांच्या रात्री. मशीनच्या पोटावरचा नंबर आणि बॉक्सवरचा नंबरही वेगळे. कंपनीच्या ग्राहक सेवेला पोटावरचा नंबर सांगितला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली.

दुकानदार म्हणाला, “डेमो पीस चुकून आला असेल.” तीन वर्षं रात्रभर डेमो बघणारं गिऱ्हाईक मला तरी भेटायचंय.

अशी मशीनं येतात कुठून, तर भाड्याने फिरून आलेली असतात, किंवा घरातला रुग्ण गेल्यावर नातेवाइकांनी स्वस्तात काढलेली. जुनं म्हणून सांगून, जुन्याच्या भावाने विकलं, तर माझी तक्रार नाही. ज्यांना नवं परवडत नाही त्यांना त्याचा आधारच आहे. पण लपवून विकलं की रुग्णाला धोका असतो. जून २०२१मध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारी) मशीनं परत मागवली होती. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात, हे त्याचं कारण. आमचं मशीन त्या कंपनीचं नव्हतं. पण बॉक्स बदलून विकणारा माणूस अशा यादीतलं मशीन बाजूला काढून ठेवेल, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी तो मेनू उघडायला लावा आणि मोटरचे एकूण तास बघा. ‘तो फक्त डॉक्टरांसाठी असतो’ असं उत्तर मिळेल. मग म्हणा, डॉक्टरांना दाखवून मग पैसे देतो. सीरियल नंबर बॉक्सवर, मशीनवर आणि बिलावर एकच हवा, आणि दुकानदार समोर बसलेला असतानाच तो कंपनीला फोन करून पडताळा. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि उत्पादनाची तारीख असते, तीही वाचा. मास्क नवाच घ्या आणि झोपून, कूस बदलून, लावून बघा. बसल्या जागी सगळेच मास्क बरे बसतात. जमलं तर आधी महिनाभर मशीन भाड्याने घ्या.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, हेही त्यात लिहिलं. भांडण चालू असताना ह्यांचे उपचार थांबवले नाहीत, डॉक्टरांनी सुचवलेलं मशीन भाड्याने आणलं.

मास्कचे पैसे कापून बाकी रक्कम दुकानदाराने परत केली. ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून मागत होता, ते दिलं नाही. मशीन मात्र त्याला न्यायचं होतं. नेताना पावतीवर सीरियल नंबर घालून त्याची सही घेतली आणि तोच नंबर, तासांच्या आकड्याच्या फोटोसकट, कंपनीला कळवून ठेवला.